नवमीचा घास

कस्तुरी जगताप तोक्योत ओजिमाला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायची, तेव्हा तिथले सगळे मराठी लोक तिला वचकून असत. मी जरा जास्तच, कारण मी तिच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहते आणि कचरा वेगळा करण्यात माझी पहिल्यापासून बोंब आहे. इथे दुधाचा खोका धुऊन, कापून, वाळवून द्यायचा असतो. मी एकदा तो नुसता चेपून पिशवीत कोंबला, तर सकाळी सात वाजता ही बाई दारात हजर, हातात माझाच खोका. "चैत्राली, हा तुझा. वास येतोय." एवढंच बोलली. रागावली नाही, हसलीही नाही. दुसरी कोणी असती तर मी चार शब्द सुनावले असते, ऐकून घ्यायची सवय मला माहेरीही नव्हती आणि सासरीही लागली नाही. पण कस्तुरी कधी खोटं बोलत नसे, आणि अशा माणसाशी भांडायला तोंडच उरत नाही. मी निमूटपणे खोका धुतला.

ती मूळची सासवडची. वनस्पतिशास्त्र शिकली, देवदत्तशी लग्न केलं आणि त्याच्या पोस्टडॉकमागे तोक्योला आली. पदवी इथे कोणी विचारली नाही. काम मिळालं ते डबे भरण्याच्या कारखान्यात, बाइतो, म्हणजे तासांवरचं काम. पट्ट्यावरून ओबेंतोचे, म्हणजे तयार जेवणाचे, डबे सरकत यायचे आणि हिने प्रत्येकात मुळ्याच्या लोणच्याची एक चकती ठेवायची. सलग दोन वर्षं तेच. "कंटाळा नाही येत?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "एक चकती राहिली तर ज्याला तो डबा मिळेल त्याच्या जेवणात कमी पडणार ना."

सहा वर्षांपूर्वी देवदत्तला होक्काइदोत कायमची नोकरी लागली. ज्वालामुखीतून निघणारे वायू मोजणं हा त्याचा विषय, आणि तिकडे पूर्वेच्या राष्ट्रीय उद्यानात डोंगराच्या अंगातून दिवसरात्र वाफा निघतात, चिखल रटरटतो, गंधकाने दगड पिवळे पडलेत. त्याच रानात तपकिरी अस्वलं राहतात. देवदत्त वाफा मोजायला लागला आणि कस्तुरी उद्यानाच्या माहिती केंद्रात झाडू मारायला. झाडता झाडता तिने अस्वलांवरचं व्याख्यान इतक्यांदा ऐकलं की ते तिला पाठ झालं. मग गाइडची परीक्षा. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. छातीवर बिल्ला लावलेला फोटो तिने मला पाठवला होता, त्यात ती चक्क हसत होती. ओजिमातल्या कोणाचा त्यावर विश्वास बसेना.

आता माझे सासरे. मोरेश्वर त्यांचं नाव, आम्ही बाबा म्हणतो. सांगलीला वीज मंडळातून निवृत्त झालेले. माझ्या सासूबाई, सुरेखाआई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. केदारने, माझ्या नवऱ्याने, हात जोडून सांगितलं, "बाबांना मी सांभाळीन." नणंदेने सांगितलं, "तुझी तुळस मी नेईन." कावळे झाडावर बसून नुसते बघत राहिले. बाबा गप्प उभे होते. दोन तासांनी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले.

बाबा का गप्प होते ते मला नंतर कळलं. आईंच्या शेवटच्या वर्षात केदारने त्यांना कस्तुरीकडच्या त्या वाफांच्या डोंगराचा व्हिडिओ पाठवला होता. आई म्हणाल्या, "अहो, एकदा बघायचंय मला हे. जाऊ या ना?" आणि बाबा म्हणाले, "वाफच बघायचीय ना? मग कुकर लाव." सगळे हसले, आईही हसल्या. मग विषय निघाला नाही, आणि चार महिन्यांत आईच राहिल्या नाहीत. कावळा कशासाठी अडला ते बाबांना घाटावरच कळलं होतं, पण चारचौघांत ते बोलणार कसे?

गेल्या वर्षी पितृपक्षात बाबा आमच्याकडे ओजिमाला होते. बाल्कनीत घास ठेवला, तर कावळा यायच्या आत बिल्डिंगचा मॅनेजर आला. कावळ्यांना खायला घालायचं नाही, कचरा फाडतात, असं त्याने वाकून वाकून, फार अदबीने सांगितलं. बाबांनी पान उचललं आणि दिवसभर जेवले नाहीत. म्हणून यंदा त्यांनी आधीच ठरवलं. अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्या बाईच्या तिथीला, घास ठेवायचा तो त्या वाफांच्या डोंगरावरच. केदारला ऑफिसमधून सुटी मिळेना. मी आणि बाबा विमानाने होक्काइदोत कुशिरोला उतरलो. सप्टेंबर संपत आला होता, रान तांबडं व्हायला लागलं होतं. बाबांनी कस्तुरीला फोन करून दोन गोष्टी सांगितल्या: आम्हाला डोंगर दाखव, आणि दुपारी सवाष्ण म्हणून आमच्याकडे जेवायला ये. तिसरी गोष्ट सांगितली नाही. ती मला सांगितली होती, आणि मी हो म्हटलं होतं.

भाड्याच्या घरात मी पहाटे उठून भात, वरण, खीर आणि उडदाचे वडे केले. घास एका स्टीलच्या डबीत भरला, वर दोन वडे. बाबांनी डबी प्लास्टिकमध्ये गुंडाळून जॅकेटच्या आतल्या खिशात घातली. वर हात ठेवून ते गाडीत बसले.

वाटेच्या तोंडाशी एक छोटी शेड आहे. तिथे कस्तुरी उभी होती, बिल्ला, कमरेला वॉकीटॉकी, दुसऱ्या बाजूला अस्वलावर मारायच्या मिरचीच्या फवाऱ्याचा डबा. बाबांना तिने वाकून नमस्कार केला, आणि लगेच कामाला लागली.

"खाण्याचं जे काही असेल ते या पेटीत. सगळं."

मी चिवडा काढला, लाडू काढले, खोकल्याच्या गोळ्या, बडीशेप.

"लिपस्टिक?"

"अगं, ती काय खायची गोष्ट आहे?"

"स्ट्रॉबेरीचा वास येतोय तिला."

मी तीही दिली. मग तिने आम्हाला समोर उभं करून व्याख्यान दिलं, पाहुणे दोनच असले तरी. पहिल्या वर्षी तिने एक तरणं अस्वल मारलेलं पाहिलं होतं. कोणीतरी गाडीच्या खिडकीतून त्याला सॉसेज टाकलं होतं. एकदाच. मग ते गाड्यांपाशी येऊ लागलं, मग तंबूंपाशी, मग गावात, आणि पंधराव्या दिवशी शिकाऱ्यांना बोलवावं लागलं. "माणसाच्या अन्नाची चव लागली की ते माणसाकडेच येतं. मग एक तर माणूस मरतो, नाही तर ते. आम्ही माणूस मरायची वाट बघत नाही." हे सांगताना तिचा आवाज अजिबात हलला नाही. "काका, तुमच्याकडे काही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात जॅकेटवर होता.

"त्यांच्याकडे काही नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

तिने मान डोलावली आणि पेटीला कुलूप लावलं. मी सांगितलं म्हणजे तिला पुरेसं होतं. मला वाटलं, पाच मिनिटांचं तर काम आहे, कावळा येईल, उचलेल, जाईल. इथले कावळे मेले कोंबडीएवढे, त्यांना काय वेळ लागतोय! आणि त्या क्षणी म्हाताऱ्या माणसाच्या छातीवरची डबी काढून पेटीत टाकायची माझी छाती झाली नाही. पण खोटं ते खोटंच, आणि तेही मी कोणाशी बोलले तर कस्तुरीशी.

वाट झाडीतून चढत जाते. प्रत्येक वळणाआधी कस्तुरी थांबून दोनदा टाळ्या वाजवायची आणि "होऽऽय!" असा हेल काढायची. आपण येतोय हे अस्वलाला आधी कळलं पाहिजे, अचानक भेट नको. गंधकाचा वास वाढत होता. कुजक्या अंड्यांचा वास म्हणतात, तसाच. पायाखालची जमीन कोमट लागत होती. एके ठिकाणी कस्तुरी वाकली. वाटेच्या मधोमध अस्वलाची विष्ठा, जांभळट, त्यात बिया. ऊब बघायला तिने हाताची पाठ जवळ नेली.

"आजचीच आहे."

"मग परत फिरायचं का?" मी विचारलं. मनापासून विचारलं होतं.

"फळं खाऊन अस्वल वर गेलंय. अंतर ठेवून चालू."

थोडं पुढे तिने दुर्बीण दिली. समोरच्या उतारावर, बऱ्याच लांब, एक मोठी तपकिरी पाठ झुडपांत हलत होती. "मादी आहे. यंदा एक पिल्लू आहे तिला. आता थंडीआधी नुसतं खात सुटायचे दिवस." पिल्लू काही दिसलं नाही. बाबांनी दुर्बीण घेतलीच नाही. ते झाडांच्या शेंड्यांकडे बघत होते.

एका मोठ्या काळ्या खडकापाशी ते म्हणाले, "कस्तुरी, मी जरा आडोशाला जाऊन येतो."

तिला ते पटलेलं नव्हतं. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? "दोन मिनिटं, काका. खडकाच्या मागेच. पुढे जाऊ नका." ती दहा पावलांवर पाठ करून उभी राहिली. मीही पाठ केली. मागे पानाचा आवाज आला, तिथल्या एका झाडाची हातभर लांब पानं खाली पडलेली होती. मग डबीचं झाकण वाजलं, आणि मी मोठ्याने खोकले. हो, खोकले. इतकी मी पुढे गेले होते.

बाबा परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "चला," म्हणाले.

खडकापासून चाळीसएक पावलांवर लाकडी मचाण आहे. दहा पायऱ्या चढलं की एका बाजूला उकळत्या चिखलाची डबकी आणि वाफा, दुसऱ्या बाजूला आपण आलो ती वाट आणि तो खडक. जगभरचे लोक ज्या बाजूला बघायला येतात तिकडे आम्ही पाठ केली. म्हणजे बाबांनी केली. चष्म्यावर सारखी वाफ धरत होती, ते पुसत होते, पुन्हा धरत होती. समोरच्या वाळक्या झाडावर एक कावळा बसला होता, काळाकुळकुळीत डोंबकावळा. तो मान वाकडी करून खाली बघत होता आणि हलत नव्हता.

"ये," बाबा पुटपुटले. "ये रे. काव, काव. सुरेखा, आणलंय बघ तुला. ये गं."

कस्तुरी बोलता बोलता थांबली. तिने बाबांकडे पाहिलं, कावळ्याकडे पाहिलं, खडकाकडे पाहिलं. जपानी गाइड असता तर त्याला जन्मात काही कळलं नसतं. सासवडच्या पोरीला कळायला एक क्षण लागला.

"आज नवमी," ती म्हणाली. "सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलंत, तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं."

बाबांनी मान खाली घातली. ती मात्र माझ्याकडे वळली. "काय ठेवलंय?"

"भात, वरण, खीर. वडे."

"वडे किती?"

"दोन."

"नक्की?" ती म्हणाली, आणि मला जमीन दुभंगावी असं वाटलं. तिथली जमीन तशी दुभंगलेलीच असते, पण आपल्याला हवी तेव्हा नाही.

तिने दुर्बीण लावली. मला दुर्बीण लागली नाही. उतारावरची मादी झुडपांतून बाहेर आली होती. नाक वर करून उभी होती. मग ती खाली चालायला लागली, सावकाश, सरळ खडकाच्या दिशेने.

नियम कस्तुरीनेच आम्हाला शिकवला होता: अस्वल दिसलं की गाइडने पाहुण्यांजवळ थांबायचं, अस्वलाच्या दिशेने एक पाऊलही टाकायचं नाही. तिने वॉकीटॉकीवर दोन वाक्यं सांगितली. मग फवाऱ्याची पिन काढली.

"कस्तुरी, राहू दे," मी म्हणाले. "जाऊ दे तो घास. तुला काही झालं तर?"

"तिने तो खाल्ला तर ती उद्या इथेच येणार, परवा लोकांपाशी. पुढचं तुला सकाळी सांगितलंय." तिने बाबांच्या खांद्याला हात लावला आणि रिकामी डबी मागून घेतली. "काका, इथून हलू नका. चैत्राली, तू बघत राहा. ओरडू मात्र नकोस, काही झालं तरी."

ती पायऱ्या उतरली. पळाली नाही. पळालं की ते मागे लागतं. मोजल्यासारखी पावलं टाकत गेली, आणि जाता जाता बोलत होती. अस्वलाशी, मराठीत. "थांब गं बाई. तुझं नाही ते. तू मोठी शहाणी ना? थांब जरा." सासवडला गोठ्यात गाईशी बोलावं तसा आवाज. मादी थांबली. दोघींमध्ये फार तर शंभर पावलं असतील. कस्तुरी खडकाच्या मागे वाकली. मला तिची फक्त पाठ दिसत होती आणि एक कोपर भराभर हलताना. एका हातात फवारा, एकाच हाताने ती भाताचं शीत न् शीत डबीत भरत होती.

आणि तेव्हा मला पिल्लू दिसलं. ते मादीबरोबर वर नव्हतंच. ते खडकाच्या खालच्या बाजूला होतं, कस्तुरीपासून चार हातांवर, मध्ये फक्त खडक. तिला ते दिसत नव्हतं. म्हणजे एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पिल्लू आणि मधोमध ही. बाबांनी पान उतरत्या जागी ठेवलं असणार, कारण एक वडा घरंगळून गवतात पडला होता. पिल्लाने तो हुंगला. पंजाने उलटा केला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. माझ्या आवाजाने आई धावली असती. पिल्लाने वडा तोंडात घेतला, मान झटकली आणि गिळला.

मग वरून तो आवाज आला. गुरगुरणं नाही, जोरात नाकातून सोडलेला श्वास. मादी धावली. दहा-बारा झेपा, माती उडाली, आणि थांबली. कस्तुरी उभी राहिली होती. फवारा समोर धरलेला, डबी छातीशी. ती मागे सरू लागली, एक पाऊल, पुन्हा एक पाऊल. तिचं बोलणं थांबलं नव्हतं, पण आता शब्द कळत नव्हते. पिल्लू खडकाच्या आडून सुटलं आणि आईकडे पळालं. आईने त्याला हुंगलं, मग कस्तुरीकडे पाहिलं. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. मी त्या वेळात आमच्या गणपतीला काय काय बोलले तेही आठवत नाही. मग दोघं वळली आणि झाडीत शिरली.

बाबांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. चष्मा काढून हातात धरला होता, दृष्टीला सगळं धूसर. "काय झालं? काय झालं?" एवढंच विचारत होते. कावळा झाडावर नव्हता. केव्हा उडाला, कोणास ठाऊक.

कस्तुरी वर आली. डबी उघडून तिने कठड्यावर ठेवली. भात, पानाला चिकटलेलं वरण, माती लागलेली खीर. वडा एक.

"दुसरा?" बाबांनी चष्मा घातला, डबीत डोकावले, आणि त्यांचा चेहरा बदलला. दोन वर्षांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. "दुसरा वडा कुठाय? कावळा पण नाहीये झाडावर. चैत्राली, त्याने नेला? तू बघत होतीस ना? कावळ्याने नेला का गं?"

मी कस्तुरीकडे पाहिलं. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं आणि जपानीत विचारलं, अगदी शांतपणे, हवापाण्याचं विचारावं तसं, "काय दिसलं ते मला या भाषेत सांग."

ओजिमात आपापसात जपानी बोलणाऱ्या मराठी लोकांना ही बाई टोकायची. बाबांना जपानी येत नाही, 'आरिगातो', म्हणजे धन्यवाद, सोडून.

"कोगुमा," मी म्हणाले. पिल्लू. "एक खाल्ला. मी पाहिलं." माझं जपानी दुकानापुरतं, पण त्याला पुरलं.

"धन्यवाद," ती जपानीतच म्हणाली.

मग मी बाबांकडे वळले. "हो बाबा," मी मराठीत सांगितलं. "कावळ्याने नेला. आला, उचलला आणि गेला."

बाबा मचाणावरच खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडले. "आली," म्हणाले. "बघितलंस, आली ती." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि माझ्यामागे कस्तुरी वॉकीटॉकीवर बोलत होती. ती काय बोलत होती ते मला शब्द न् शब्द कळत होतं. पिल्लाने माणसाचं अन्न खाल्लं आहे. वाट ताबडतोब बंद करा, लोक पाठवा. अन्न माझ्या पाहुण्यांनी आणलं, मी नीट तपासलं नाही. पाहुण्यांना एकटं सोडून मी अस्वलाजवळ गेले. सगळी चूक गाइडची, नाव कस्तुरी जगताप. माझ्या खोटेपणाचं त्यात अवाक्षर नव्हतं.

"ती काय सांगतेय?" बाबांनी डोळे पुसत विचारलं.

"उशीर होईल म्हणून कळवतेय," मी म्हणाले.

परत येताना मी तिला म्हणाले, अगं, एकच वडा, कोणाला कळणार आहे? नको सांगू ना. बोलून गेल्यावर मला कळलं की तिने आधीच सांगितलंय आणि मी ते ऐकलंय. ती म्हणाली, "मागच्या खेपेला सॉसेजचं पहिल्या दिवशी कळलं असतं, तर ते अस्वल जगलं असतं. मारायला पंधरा दिवस लागले, वाचवायला एक लागला असता." मला तिची क्षमा मागायची होती. मागितली. तिने ऐकून घेतलं, पण "असू दे" म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

शेडपाशी दोन गणवेशातली माणसं उभी होती. तिने बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला, वाकून नमस्कार केला, कागदावर सही केली. दुपारी ती आमच्याकडे जेवायला आली. मला वाटलं होतं येणार नाही. "नवमीची सवाष्ण उपाशी कशी राहील?" म्हणाली. बाबांनी तिला स्वतः वाढलं, कुंकू लावायला मला सांगितलं, आग्रह करकरून वडे घातले. तिने पानातलं सगळं संपवलं. मला एक घास उतरला नाही.

बिल्ला दोन वर्षांसाठी गेला. ती आता तिथल्याच एका गरम झऱ्याच्या खानावळीत भांडी घासते आणि खोल्या आवरते. मला हे देवदत्तने सांगितलं, ती फक्त अस्वलांचं सांगायची. पिल्लू त्या खडकापाशी दोनदा परत आलं. माणसं तीन आठवडे पहारा देत होती. दोन्ही वेळा भोंगे वाजवून, रबराच्या गोळ्या मारून त्या दोघांना पळवलं. तिसऱ्यांदा ती आली नाहीत. "बर्फ पडायला लागलंय," तिने नोव्हेंबरमध्ये कळवलं. "आता झोपतील. पहिल्याच दिवशी कळलं म्हणून जमलं, असं सगळे म्हणतात."

त्याच आठवड्यात बाबा सांगलीला परत निघायचे होते. रविवारी दुपारी त्यांनी मला कस्तुरीला फोन लावायला सांगितला. स्पीकरवर. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"कस्तुरी, निघतोय गं परवा. तुझे उपकार फिटायचे नाहीत," बाबा म्हणाले. "एक विचारायचं होतं. त्या दिवशी मला काही दिसलं नाही बघ, चष्म्यावर वाफ धरली होती. चैत्राली सांगते कावळ्याने नेला. पण ती घरचीच. मला बरं वाटावं म्हणूनही सांगेल. रात्ररात्र मला हेच वाटत राहतं. तू खोटं बोलत नाहीस, सगळे सांगतात. तू तर जवळ होतीस. कावळाच होता ना?"

भांड्यांचा आवाज थांबला. मी टेबलाची कड धरली होती. मला तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि काय सांगावं ते कळत नव्हतं. मी तिला एकदा फसवलं होतं, आता तिच्याकडून काही मागायला मला तोंड नव्हतं.

"हो काका," कस्तुरी म्हणाली. "कावळाच होता. मी जवळून पाहिला. मोठा डोंबकावळा. वडा उचलला आणि सरळ वर गेला."

"सरळ वर?"

"सरळ वर."

बाबांना फोन बंद करता येत नाही, तो त्यांच्या हातात तसाच चालू राहिला. पलीकडे नळ सुटल्याचा आवाज आला. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "आता मला पटलं."